उणे बावन्न

४ मार्च

प्रिय बारक्या,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून ‘कोणीतरी गेलं’ अशी तुझी खात्री झाली असेल आणि तू खुर्ची ओढून बसला असशील. ऊठ. कोणी गेलेलं नाही. मामा ठणठणीत आहेत, म्हणजे एक्याऐंशीव्या वर्षी माणूस तक्रारी करत करत जितका ठणठणीत असतो तितके. मी त्रेपन्न वर्षांची झाले, कॉलेजात संस्कृत शिकवते, आणि वर्गात यंदा चार विद्यार्थी आहेत. त्यातले दोघे चुकून आलेत, पण भिडेपोटी उठून जात नाहीत.

चौदा वर्षांत आपल्यात सहा पत्रं झाली. पाच माझी. सहावं म्हणजे पत्ता बदलल्याचं तुझं छापील कार्ड. ते मी जपून ठेवलं आहे, कारण त्यात पिनकोड तू स्वतःच्या हाताने दुरुस्त केला होतास.

तर कारण असं. मामांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानाची इमारत पाडायची आहे. मे अखेर जागा रिकामी करून द्यायची. तीन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडल्यापासून मामा माझ्याकडेच राहतात, त्यामुळे दुकान उपसायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. काल शटर उघडलं. आत चौदा वर्षांची धूळ होती आणि सगळ्यात वरच्या फळीवर, चादरीखाली, तुझ्या गिटारचा अ‍ॅम्प. मामा खाली स्टुलावर बसून हमालाला फक्त एवढंच म्हणाले, ‘तो हळू.’ बाकीचे रेडिओ त्याने कसेही उतरवले तरी ते काही बोलले नाहीत.

आता तो माझ्या अभ्यासाच्या खोलीत, शब्दकोशांच्या शेजारी आहे. दोघांचं वजन जवळपास सारखं. दोघेही वर्षानुवर्षं कोणी उघडलेले नाहीत.

त्याचं काय करू ते कळव. मामांनी बांधला असला तरी वस्तू तुझी आहे. त्या संध्याकाळची आठवण तुला करून द्यायची नाही, पण पाठांतर हा माझा धंदा आहे. तू दुसऱ्या गाण्यात होतास, पहिल्या रांगेत ते रेकॉर्डिंगवाले गृहस्थ मांडीवर वही घेऊन बसले होते, आणि अ‍ॅम्पच्या पाठीतून धूर निघाला. तू मंचावरून उतरलास आणि चारचौघांत मामांना म्हणालास, ‘तुमचे हात थरथरतात आता. दुकान बंद करा, मामा.’ मामांनी अ‍ॅम्पकडे पाहिलं, मग तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘बरं.’

दुसऱ्या दिवशी दुकान खरंच बंद. आठवड्याभरात तू गाव सोडून गेलास. मी तिथेच दोघांच्या मधोमध उभी होते.

एवढंच लिहायचं होतं. आणखी एक होतं, पण ते नंतर.

तुझी,
ताई

१९ मार्च

प्रिय बारक्या,

तुझं उत्तर मिळालं. ‘विकून टाक. मला काही सांगू नकोस.’ सूत्ररूप लिखाण मला आवडतं, पण सूत्रकारही एखादं भाष्य लिहिणारा सोबत ठेवतात.

विकायला गेले. जुन्या वाद्यांचा एक दुकानदार आहे. तो म्हणाला, बंद पडलेला नको. नवे व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या त्या काचेच्या नळ्या, घाला, बायस लावून घ्या, मग बोलू. मी घरी येऊन मामांना विचारलं, बायस कसा लावतात?

मामा म्हणाले, ‘दुकान बंद आहे.’

‘दुकान पाडायला काढलंय, मामा. हे घर आहे.’

‘हात बंद आहेत.’

दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी चहा पिताना स्वतःच म्हणाले, ‘बोलेन मी. हात तुझे.’ तेव्हापासून माझ्या अभ्यासाच्या टेबलावर त्या अ‍ॅम्पचा सांगाडा उलटा पडला आहे आणि मी त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्या इयत्तेत आहे.

पहिला धडा असा की अ‍ॅम्प बंद केला, वायर काढली, तरी त्याच्या पोटातल्या कंडेन्सरमध्ये मारण्याइतकी वीज तासन्‌तास बसून राहते. ती आधी काढायची. मी म्हटलं, हा आपल्या घराण्याचाच स्वभाव झाला. मामा हसले नाहीत. दुसरा धडा: चालू अ‍ॅम्पात एकच हात घालायचा, दुसरा खिशात, म्हणजे झटका छातीतून जात नाही. माझ्या कपड्यांना खिसे नसतात, हे शिंपीलोकांचं स्त्रियांविरुद्धचं फार जुनं कारस्थान. म्हणून मी मामांचा दुकानातला खाकी कोट घातला. त्याच्या खिशात काय सापडलं असेल? लाल नेलपॉलिशची बाटली. पार वाळून खडा झालेली. आपले मामा, आजन्म ब्रह्मचारी, आणि खिशात नेलपॉलिश. ‘कोण होत्या या?’ म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘कामाची आहे, ठेव जागच्या जागी.’ मी ठेवली. एका म्हाताऱ्याच्या भूतकाळात मी कशाला हात घालू?

बायस म्हणजे काय ते त्यांनी असं सांगितलं. ‘व्हॉल्व्ह म्हणजे गाणारा माणूस समज. गात नसतानाही त्याचा श्वास थोडा चालू हवा. श्वास अगदीच कमी ठेवलास तर सूर उचलताना घसा खरखरतो. फार ठेवलास तर बसल्या जागी धापा टाकतो, लाल होतो आणि जळतो. नुसतं बसलेलं असताना त्याने किती श्वास घ्यायचा, हे ठरवायचं. झालं.’

‘आणि ते ठरवतात कशाने?’

‘मागच्या पत्र्याला भोक आहे बघ, शर्टाच्या बटणाएवढं. आत प्रीसेट आहे. पेचकस घालून फिरवायचा.’

मी भोक पाहिलं. आतला तो खाच असलेला स्क्रूही पाहिला. मग मला कॉलेजात काही काम आहे असं आठवलं आणि मी उठले. कॉलेजला सुट्टी होती.

एक जळका रेझिस्टर मात्र बदलला. माझा पहिला डाख. मामा भिंग लावून बघत म्हणाले, ‘शास्त्रीणबाई, हा डाख आहे की मुंगीचं वारूळ?’

हे सगळं सांगू नकोस म्हणालास. म्हणून सांगते आहे.

तुझी,
ताई

६ एप्रिल

बारक्या,

तुझं उत्तर नाही. बरंच झालं. काही गोष्टी समोरचा गप्प असतानाच सांगता येतात.

मी तो स्क्रू आधी पाहिला होता. चौदा वर्षांपूर्वी, त्याच दिवशी, दुपारी.

तू माझ्या पलीकडच्या खोलीत सकाळपासून एकच तुकडा वाजवत होतास. मी परीक्षेचे पेपर तपासत होते. दोनदा येऊन सांगितलं, आवाज कमी कर. तू म्हणालास, ‘इतक्या आवाजाला आला की मगच तो गातो, ताई. कमी केला की नुसता बोलतो.’ मला ते पटलं नाही. मग तू आंघोळीला गेलास.

पुढची बटणं फिरवता येईनात, कारण प्रत्येक बटणावर तू खडूने खूण करून ठेवली होतीस. तू लगेच ओळखलं असतंस. म्हणून मी विचार केला. तुझी ताई विचार केल्याशिवाय काही करत नाही, पातकंसुद्धा ती विचारपूर्वकच करते. मागच्या बाजूला एक भोक दिसलं. त्यावर ना आकडा, ना खूण. म्हटलं, हे बरं आहे, इथून थोडं कमी केलं तर कळणार कोणाला? नखांची कानस घातली आणि फिरवला. आधी फिरेना, स्क्रूच्या तोंडावर काहीतरी लाल, सुकलेलं चिकटलं होतं. गंज असेल म्हणून जोर दिला. ते कट्कन फुटलं आणि स्क्रू फिरला.

आवाज कमी झाला की नाही हे कळायला मार्ग नव्हता, कारण वाजवणारा आंघोळीला. पाच मिनिटांनी तू केस पुसत आलास आणि म्हणालास, ‘झालं बरं का, ताई. आता सामान बांधतो. तपास तुझे पेपर.’

पाच मिनिटं. मी पाच मिनिटं थांबले असते तर.

हे मी संध्याकाळी का बोलले नाही, असं विचारशील. प्रामाणिकपणे सांगते, त्या क्षणी मला वाटलं त्या स्क्रूचा काही संबंधच नसेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, असेल. तिसऱ्या दिवशी वाटलं, विचारावं. मग तू गेलास, मामा दुकानात जाईनासे झाले, आणि कोणाला काय विचारायचं तेच कळेना. प्रश्न जुना झाला की तो विचारणाऱ्याचंच आधी लोक तोंड बघतात. मी अ‍ॅम्पविषयी काही वाचलं नाही. ज्या विषयात आपण दोषी निघू शकतो तो विषय न शिकणं, हा विद्वानांचा खास आळस आहे.

मामांना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं हात चुकले. चौदा वर्षं त्यांनी पेचकस धरलेला नाही.

हे वाचून कागद फाडलास तरी चालेल. पण वाचून फाड.

ताई

२२ एप्रिल

प्रिय बारक्या,

पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ. ‘कुठल्या दिशेला फिरवलास, ताई?’

आधी मी शेवटच्या शब्दाकडेच पाहत राहिले. मग प्रश्नाकडे पाहिलं. मला आठवत नाही.

दिशेवर सगळं अवलंबून आहे, हे तुला कळतं आणि मला आता कळलं. एका बाजूला फिरवला तर श्वास कमी होतो. तेव्हा वाद्य खरखरलं असतं, पण जळलं नसतं, आणि मग धुराशी माझा काही संबंध नाही. दुसऱ्या बाजूला फिरवला असेल तर तो मीच जाळला. चौदा वर्षं मी अपराधी आहे की नुसती मूर्ख, हे एका मनगटाच्या वळणावर आलं आहे आणि मनगट काही बोलत नाही.

ज्ञानाची साधनं मी दरवर्षी वर्गात शिकवते. प्रत्यक्ष: ते चौदा वर्षांपूर्वीच संपलं. अनुमान: मला आवाज कमी करायचा होता, सगळी बटणं डावीकडे फिरवली की कमी होतात, म्हणून मी डावीकडे फिरवला असणार. हे ठीक. पण मी अ‍ॅम्पच्या मागे बसले होते, की पुढे बसून वरून हात घालून चाचपडत फिरवला? कारण पुढून हात घातला तर माझं डावं ते पलीकडून बघणाऱ्याचं उजवं. मी अ‍ॅम्प जमिनीवर ठेवून दोन्ही बाजूंनी बसून पाहिलं. उकिडवी बसले. गुडघे टेकून बसले. मामा दारात उभे होते.

‘काय हरवलंय?’

‘दिशा,’ मी म्हटलं.

‘शिकलेल्या माणसाची तीच आधी हरवते,’ म्हणत ते आत गेले.

उरलं तिसरं साधन, जाणत्या माणसाचा शब्द. म्हणून दुसऱ्या दिवशी सहज विचारतेय असं दाखवून विचारलं, ‘मामा, हा प्रीसेट कुठल्या बाजूला फिरवला की व्हॉल्व्ह तापतो?’

‘डावीकडे.’

‘सगळ्यांच्यात असंच असतं?’

‘नाही. माझ्यात असतं.’ आणि मग ते जरा खुलले. गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाले, ‘मी बांधलेल्या प्रत्येक अ‍ॅम्पात मी ते उलटं जोडायचो. का माहीत आहे? अडाणी माणसाच्या हाती पेचकस आला की तो पहिल्यांदा आवळतो. स्क्रू दिसला की आवळ. उजवीकडे. म्हणून उजवीकडे थंड ठेवायचं. मूर्खाने कितीही आवळलं तरी फार तर आवाज खरखरेल, जळायचं नाही. सैल करणारा माणूस विचार करूनच सैल करतो. त्याची काळजी करायची नसते.’

बारक्या, मामांनी मूर्खांची सगळी सोय केली होती. त्यांच्याच नात्यात एक विचारी भाची आहे, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

पण थांब. मी जर पुढून हात घातला असेल, तर माझं डावं म्हणजे त्यांचं उजवं. म्हणजे थंड. म्हणजे मी सुटले. आणि मला आता सारखं आठवायला लागलं आहे की मी पुढेच बसले होते. अगदी स्वच्छ आठवतं. काल आठवत नव्हतं, आज आठवतं. या आठवणीवर माझा स्वतःचाच विश्वास नाही.

एका रात्री जागून विचार केला तेव्हा एवढीच गोष्ट हाती लागली, की तो स्क्रू अजून तिथेच आहे. मी जिथे सोडला तिथे. मामांना विचारलं, ‘त्या दिवसानंतर तुम्ही याला हात लावला होता?’ ते म्हणाले, ‘चादर घातली. बस्स.’ म्हणजे मला आठवायची गरजच नाही. व्हॉल्व्ह काढून ठेवायचे, अ‍ॅम्प चालू करायचा आणि मीटर लावून त्या जागी किती व्होल्ट येतात ते बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

हे मला चार दिवसांपूर्वी कळलं. चारही दिवस मी कामात होते.

तुझी (अजून असेन तर),
ताई

३ मे

प्रिय बारक्या,

केलं.

मामा खिडकीपाशी बसले होते. मी खाकी कोट, डावा हात खिशात. मीटरची काळी तार पत्र्याला चिमट्याने लावली, लाल सुई व्हॉल्व्हच्या रिकाम्या बैठकीत, मामांनी मोजून दाखवलेल्या पाचव्या भोकात. मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं की इथला आकडा उणे येतो आणि इथे सगळा व्यवहार उलटा असतो. उणे जितकं खोल, तितका व्हॉल्व्ह शांत. उणे शून्याकडे सरकलं की त्याला आवरणारं कोणी राहत नाही. मला ते नीटसं समजलेलं नाही, पण मी नीटसं न समजलेल्या बऱ्याच गोष्टी तीस वर्षं शिकवल्या आहेत.

‘मी बांधताना किती ठेवलं होतं ते आत लिहिलंय,’ मामा म्हणाले. ‘ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला.’

टॉर्च लावून पाहिलं. पेन्सिलने, त्यांच्या त्या सरळ उभ्या अक्षरात, आकडा होता: ५२.

‘आता किती येतंय?’

मी वाचलं. पुन्हा वाचलं. सुई काढून परत लावली.

‘शास्त्रीणबाई, किती?’

‘उणे छत्तीस.’

म्हणजे डावीकडे. तापवणारी बाजू. मी अ‍ॅम्प बंद केला, त्यांनी शिकवल्याप्रमाणे कंडेन्सर रिकामे केले, पेचकस जागच्या जागी ठेवला, आणि मग खिशातला हात बाहेर काढून त्यांना सगळं सांगितलं. पेपर, आंघोळ, कानस. पुढे बसले होते की मागे, तेही सांगायला लागले तर म्हणाले, ‘ते राहू दे. मागेच बसली होतीस.’

मग त्यांनी एक अनपेक्षित प्रश्न विचारला. ‘लाल ठिपका तू फोडलास?’

‘गंज होता तो.’

‘गंज नव्हता. कोटाच्या खिशात बघ.’

ती नेलपॉलिशची बाटली, बारक्या. बायस लावून झाला की स्क्रूच्या तोंडावर ते एक थेंब ठेवायचे. वाळला की त्याची मोहर बनते. धक्क्याने स्क्रू हलत नाही, आणि कोणी हात घातलाच तर ठिपका फुटलेला दिसतो. सगळे जुने कारागीर असंच करतात म्हणे. आणि मी त्यांना प्रेमप्रकरणावरून चिडवत होते.

‘म्हणजे तुम्ही त्या संध्याकाळी...’

‘तेव्हाच पाहिला. तो बोलत होता, मी ठिपक्याकडे बघत होतो. फुटलेला होता.’

आता नीट वाच. हे मी तीन वेळा लिहून तीन वेळा फाडलं आहे. मामांना कधीच वाटलं नाही की त्यांचे हात चुकले. त्यांना वाटलं, तू केलंस. कार्यक्रमाच्या घाईत तूच स्क्रूशी खेळलास, जाळलास, आणि चारचौघांत लाज वाटून ते त्यांच्यावर ढकललंस. ‘म्हटलं, पोरगा आहे,’ ते म्हणाले. ‘इतक्या लोकांत मी जर ठिपका दाखवला असता तर तो कायमचा उघडा पडला असता. म्हणून बरं म्हटलं. वाटलं, दोन दिवसांनी येईल आणि सांगेल. आला नाही.’

‘आणि दुकान?’

‘तो येऊन सांगेपर्यंत उघडायचं नाही असं ठरवलं होतं.’

म्हणजे चौदा वर्षं तू त्यांचे हात खोटे धरलेस, त्यांनी तुझा शब्द खोटा धरला. दोन्ही खरे होते. मधोमध मी होते आणि पेपर तपासत होते.

मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘म्हणजे पोरगा खोटं बोलला नव्हता.’ हे ते मला म्हणत नव्हते. मग माझ्याकडे वळले. ‘आणि तू. आवळायचा ना, चार माणसांसारखा. सैल कशाला केलास?’

त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ताट ठेवलं की जेवत, पण मान वर करत नसत. मला त्यांचा राग समजतो. मला फक्त एवढं समजत नाही की मला हलकं का वाटतंय, आणि वाटायला हवं का. तुला समजलं तर सांग. नाहीतर नको सांगूस.

ताई

२१ मे

प्रिय बारक्या,

तुझ्याकडून काही आलेलं नाही. मी रोज पेटी बघते. पोस्टमन आता मला बघून लांबूनच मान हलवतो. तू रागावला आहेस, की वाचलंच नाहीस, की वाचून चालत सुटला आहेस, यातलं काय मानावं ते कळत नाही. म्हणून मी नुसतं काय घडलं ते लिहिते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा स्वतः माझ्या खोलीत आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, ‘व्हॉल्व्ह आले का?’ आले होते. त्यांनी पेचकस मागितला. मी दिला.

हात थरथरतात, बारक्या. तेव्हा थरथरत नव्हते, आता थरथरतात. उजवं मनगट डाव्या हाताने धरून त्यांनी पेचकस खाचेत बसवला. ‘एक हात खिशात,’ मी आठवण करून दिली. ‘माझे दोन मिळून एकच होतो आता,’ ते म्हणाले, ‘खिशात काय ठेवू?’ मी मीटर वाचत गेले. आधी उजवीकडे फिरवून पार थंड केलं, मग केसभर केसभर डावीकडे. आता व्होल्ट नव्हे, व्हॉल्व्हचा श्वास मोजत होतो: वीस मिलिअँपिअर, पंचवीस, अठ्ठावीस. दोन्ही व्हॉल्व्ह नारिंगी होऊन शांत बसले होते. तीसवर ते थांबले.

‘पस्तीसपर्यंत जायचं ना?’ मी विचारलं. आता मला असले प्रश्न विचारता येतात.

‘तीस ते पस्तीसमधलं मीटरवर लावायचं नसतं. ते कानाने लावायचं. तो वाजवायचा, मी फिरवायचो. तो मान हलवायचा, मी थांबायचो. प्रत्येक वेळी.’

‘तुम्ही लावा ना कानाने.’

त्यांनी पेचकस खाली ठेवला. गेल्या वर्षी कानाचे डॉक्टर काय म्हणाले, ते त्यांनी मला तेव्हा सांगितलं. वरचे सूर त्यांना आता ऐकूच येत नाहीत. दाराची घंटा वाजलेली कळत नाही ती विसराळूपणामुळे, असं मी समजत होते. खालचेही हळूहळू जातील, वर्षभर पुरले तर पुरले. मी त्यांच्याबरोबर एका घरात राहते, आणि मला हे एका अ‍ॅम्पमुळे कळलं.

वाद्यांचा दुकानदार काल येऊन गेला. मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, ‘याचा मालक बाहेरगावी आहे. तो आल्यावर विचारा.’ म्हणजे तुझं ते ‘विकून टाक’ मामांच्या न्यायालयात फेटाळलं गेलं. अपील करायचं तर प्रत्यक्ष यावं लागेल.

दुकान रिकामं झालं. शेवटच्या दिवशी मामांनी फक्त स्टूल घरी आणलं. ते माझ्या खोलीत अ‍ॅम्पच्या समोर ठेवलं आहे आणि मला त्यावर बसू देत नाहीत.

तू माझ्यासाठी ये असं मी म्हणणार नाही. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर मी पलीकडच्या खोलीत पेपर तपासत बसेन, आणि या वेळी आवाज कितीही असला तरी उठणार नाही.

आता शेवटचं. ठिपका ठेवायचा तो तू मान हलवल्यावरच, तरी परवाच मामांनी मला नेलपॉलिश आणायला पाठवलं. दुकानातल्या बाईंनी माझ्या हातांकडे, मग चष्म्याकडे पाहून विचारलं, ‘कोणासाठी?’ मी म्हटलं, ‘अ‍ॅम्पसाठी.’ त्यांनी पुढे काही विचारलं नाही. लालच हवी होती, तीच लाल. ती चौथ्या दुकानात मिळाली. ‘वापरून झालं की लगेच झाकण घट्ट लावा हं,’ बाई म्हणाल्या, ‘उघडी राहिली तर आठ-दहा दिवसांत वाळते.’

हे मी मामांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, हे मला नक्की माहीत आहे, कारण मी त्यांच्या त्यातल्या त्यात चांगल्या कानाशी सांगितलं. तरी काल सकाळी त्यांनी बाटली अ‍ॅम्पवर ठेवली, झाकण काढलं आणि शेजारी ठेवलं. मी दोनदा लावलं. त्यांनी दोनदा काढलं.

तुझी,
ताई